चिठ्ठी कोनाची घ्याची?

“आइकलं का वं मास्तरीन? आमची पोट्टी गोष्टी लिहाले अमेरिकेत चालली.”

माईंनी बातमी दिली आणि तुरीच्या शेंगांचं सूप दोन घरांच्या मधल्या भिंतीवर ठेवलं. भिंत कमरेएवढी आहे. हद्द म्हणून बांधली, पण तिचा वापर कायम ओट्यासारखाच झाला. अकोटात डिसेंबर लागला की दुपारी हिरव्या तुरीचे सोले काढायचे, आणि सोले काढताना हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळं असतं.

“चालली नाही माई, अजून अर्जच करतेय.”

“एकच हाये ते. पन मले एक सांग, गोष्टी लिहाले तठी कायले जा लागते? अठी का कागद भेटत नाई? तो उद्धव शेळके गेलता का अमेरिकेले?”

नव्हता गेला. त्यांची ‘धग’ कादंबरी १९६० साली आली, ती कुठल्याही विद्यापीठाच्या वर्गात घडलेली नव्हती. माईंनी ती वाचली आहे आणि तिच्यातल्या कौतिकचा विषय निघाला की त्या अजून डोळ्याला पदर लावतात. जवळच्या परतवाड्याला जन्मलेले गो. नी. दांडेकर तर पोरवयातच शाळा सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले आणि पुढं गाडगेबाबांबरोबर हिंडले. बाबांकडं कुणी शिफारसपत्र मागितलं असतं तर त्यांनी हातात खराटा दिला असता.

पण माईंच्या नातीची बाजू घ्यायला हवी होती, म्हणून मी सांगितलं, की तिकडं गोष्टी आणि कविता लिहिण्याचीही एम.ए.सारखी पदवी असते, एम.एफ.ए. म्हणतात. दोन-तीन वर्षं. आयोवा नावाच्या राज्यातल्या विद्यापीठानं १९२२ साली ठरवलं, की प्रबंधाऐवजी कथा-कविता दिली तरी पदवी देऊ. १९३६ मध्ये तिथं लेखनाची रीतसर कार्यशाळा उभी राहिली आणि मग तिचं पाहून बाकीच्यांनी वर्ग काढले. आयोवा म्हणजे तिकडचं वऱ्हाडच म्हणा, कापसाच्या जागी मका तेवढा.

“मक्याच्या वावरात गोष्टी शिकवतेत!” माईंनी शेंग मोडली. “शिकवतेत म्हंजे कसं? फळ्यावर लिहून देतेत का, का बा आता नायकाले मारा म्हनून?”

“नाही हो. दहा-बारा जण गोल बसतात. एकाची गोष्ट सगळ्यांनी आधी वाचून आणायची आणि मग त्याच्या तोंडावर बोलायचं, काय जमलं, काय नाही. आणि ज्याची गोष्ट आहे त्यानं तोवर गप्प बसायचं, अशी पुष्कळ ठिकाणी रीत आहे.”

“गप्प?” माई थांबल्या. “आमची पोट्टी?”

हा प्रश्न रास्त होता.

“बरं, गोष्टी पसंत पडल्या तं घ्या, नाईतं सोडा. मंग ह्या तीन चिठ्ठ्या कायच्या? चार दिस झाले, घरात दुसरं बोलनं नाई. एलओआर, एलओआर. मले वाटे कोन्या दवाईचं नाव हाये.”

एलओआर म्हणजे शिफारसपत्र. एम.एस.ला जाणाऱ्या इंजिनियर पोरांनी हा शब्द अकोल्या-अमरावतीच्या क्लासेसमधून केव्हाच घरोघरी पोचवला आहे. गोष्टी लिहिणारीनं तो आमच्या गल्लीत पहिल्यांदाच आणला. मी माईंना समजावलं, की निवड होते ती मुख्यतः लेखनाच्या नमुन्यावर. कथा असल्या तर वीस-तीस पानं, कविता असल्या तर दहा-बारा. तिथं चिठ्ठी कितीही गोड असली तरी पडकी गोष्ट उभी राहत नाही. पण चांगलं लिहिणाऱ्या पाच जणांतून एकाला घ्यायचं असतं, तेव्हा वाचणारा विचारतो, हा माणूस दोन वर्षं त्या गोल बैठकीत टिकेल का? दुसऱ्याची गोष्ट मनापासून वाचेल का? स्वतःची दुरुस्त करेल का? शिवाय पुष्कळ ठिकाणी फी माफ करून वर महिन्याचे पैसे देतात आणि त्याबदल्यात पहिल्या वर्षाच्या पोरांना निबंध शिकवायला लावतात. वर्गात उभी राहू शकेल का, हेही चिठ्ठीवरूनच पाहतात.

“म्हंजे सोयरीक जुळवाच्या आंधी चौकशी करतेत तशी.”

“तशीच.”

“मंग आमच्या ह्यायनं जे आनलं ते बरोबरच हाये,” असं म्हणून माईंनी पदराआडून घडी घातलेला कागद काढला. अशोकस्तंभ नव्हता एवढंच, बाकी सगळं होतं: रंगीत लेटरहेड, पुढाऱ्याचा हसरा फोटो, आणि खाली तो मजकूर, जो महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाबद्दल एकदा तरी लिहिला गेला आहे. सदर मुलगी माझ्या चांगल्या परिचयाची असून तिची वर्तणूक चांगली आहे, तिच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. नाव पेनानं नंतर भरलेलं. तेही चुकीचं, बापाच्या नावाच्या जागी आजा.

“हे नाही चालायचं माई.”

“काऊन? शिक्का हाये ना.”

“शिक्का आहे, पण यांनी तिचं एक पान तरी वाचलंय का?”

“त्यायले येळ कुठी असते वं! पेपर बी दुसरा वाचून दाखवते त्यायले.”

मग दुसऱ्या चिठ्ठीची हकिगत निघाली. पोरगी एम.ए.च्या एका मोठ्या सरांकडं गेली होती. (त्यांचं नाव इथं लिहीत नाही; माईंनी घेतलं, चांगलं ठणकावून.) सरांनी चहा पाजला, अमेरिकेतल्या आपल्या साडूची चौकशी सांगितली आणि शेवटी म्हणाले, बेटा, तूच लिहून आण, मी सही करतो.

“मी म्हनलं, बरं झालं, काम लौकर झालं. तं पोट्टी रडाले लागली! आता याच्यात रडाचं काय?”

याच्यावर मात्र मला बोलायचं होतं. कारण ही आपल्याकडची रीतच होऊन बसली आहे आणि तिला कुणी लबाडी म्हणत नाही. सरांच्या हाताखाली साठ-सत्तर पोरं, त्यातल्या वीस जणांना परदेशी जायचं, प्रत्येकाला सात-आठ विद्यापीठांचे अर्ज, आणि सरांना या कामाचा पगार मिळत नाही. हे सगळं खरं. पण पोर स्वतःबद्दल काय लिहिणार? ‘कष्टाळू, प्रामाणिक, हुशार’. लाजरी असेल तर तेवढंच, आगाऊ असेल तर ‘मी शिकवलेल्या सर्वांत बुद्धिमान पाच टक्क्यांत’. तिघांच्या सह्यांची तीन पत्रं एकाच हाताची, एकाच वळणाची. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी चुकलेले. इंजिनियरिंगच्या अर्जात ते एखादवेळी खपून जाईल. इथं वाचायला बसलेली माणसं स्वतः कादंबरीकार नि कवी. वाक्य कुणाचं आहे हे ओळखणं हाच त्यांचा धंदा. त्यांच्यापुढं दुसऱ्याच्या नावानं वाक्य लिहून ठेवायचं?

“म्हून रडली का ते?”

“ती रडली कारण सरांनी तिचं काही वाचलं नव्हतं हे तिला त्या दिवशी कळलं.”

माई जरा वेळ नुसत्याच सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुले जास्तच माहीत दिसते.”

मी विषय बदलला. म्हटलं, माई, आपल्याकडं सगळ्यात मोठी चिठ्ठी कोणी कोणाला दिली ठाऊक आहे? मुंबईला चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी पोरगा रोज वाचत बसायचा. तिथं कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे मास्तर यायचे. पोरगा एल्फिन्स्टन हायस्कूलचा, मास्तर विल्सनचे; म्हणजे त्याला शिकवायलाही नव्हते. पण हा रोज काय वाचतो, म्हणून त्यांनी चौकशी केली, पुस्तकं देऊ लागले. १९०७ साली पोरगा मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला दिलं. पुढं कॉलेजचे पैसे संपले तेव्हा हेच मास्तर त्याच्यासाठी सयाजीराव महाराजांकडं गेले, आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली.

“बाबासायब,” माई म्हणाल्या. त्यांना नाव सांगावं लागलं नाही.

“हो. बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. पुढं लंडनला शिकायला गेले, तर सेलिग्मन नावाच्या कोलंबियातल्या प्राध्यापकांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या फॉक्सवेल यांना पत्र लिहून त्यांची शिफारस केली. सेलिग्मन अर्थशास्त्रात केवढं मोठं नाव! पण मला विचाराल तर त्या पत्राची सुरुवात बागेतल्या बाकावर झाली होती. केळुसकरांकडं ना लेटरहेड, ना विद्यापीठ. त्यांनी पोराला वाचताना पाहिलं होतं, एवढंच भांडवल.”

“म्हंजे पाह्यनारा पाह्यजे.”

“आणि वाचणारा.”

“अन् आपले पंजाबराव?” माईंचा वऱ्हाडी अभिमान जागा झाला. “ते बी तं पापयहून इलायतेले गेलते. त्यायले कोनं देल्ली चिठ्ठी?”

पापळसारख्या खेड्यातून निघून पंजाबराव देशमुखांनी ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिला, आणि परत येऊन आम्हाला शाळा-कॉलेजं काढून दिली, हे मला ठाऊक आहे. पण चिठ्ठीचं सांगितलं नाही, कारण इतक्यात भिंतीखालून माईंची मांजर शेंगांवर आली आणि तिला हाकलण्यात पंजाबराव मागं पडले.

मांजर गेल्यावर माईंनी नवीन शंका काढली. “बरं, पन आपल्या पोट्टीची इंग्रजी! लिहते बराबर, पन बोलते तं सारं वऱ्हाडी सुरातच. ते गोरे समजतीन का?”

यावर माझ्याजवळ गोष्ट तयारच होती. अमेरिकेच्या दक्षिणेत जॉर्जिया म्हणून एक मुलूख आहे, तिथली एक वीस वर्षांची पोरगी १९४५ मध्ये आयोवाला आली. आली होती पत्रकारितेच्या शिष्यवृत्तीवर. कार्यशाळेच्या प्रमुखाच्या, पॉल एंगल यांच्या खोलीत जाऊन काहीतरी बोलली. एंगलना तिची बोली कळेना. पुन्हा बोलली, पुन्हा कळेना. शेवटी त्यांनी कागद पुढं केला, यावर लिही. तिनं लिहिलं, की मी पत्रकार नाही, मला लेखकांच्या वर्गात येता येईल का? मग गोष्टी दाखवल्या आणि घेतली. फ्लॅनरी ओ’कॉनर ती. पुढं अमेरिकेतल्या थोर कथाकारांत तिची गणती झाली, आणि तिची माणसं कथेतही त्याच गावठी बोलीत बोलतात. हा किस्सा एंगल स्वतः सांगायचे, त्यामुळं थोडं मीठमसाला धरून चालावं.

“बह्यना!” माई खूश झाल्या. “म्हंजे तिची बी गत आपल्यासारखीच.”

“आपल्या पोरीचं तेच तर बळ आहे. ती जिनिंगमधल्या बाईची गोष्ट आहे ना तिची, त्यात बाई इंग्रजीत बोलते पण वाक्य वऱ्हाडीच्या चालीनं जातं. मी वाचली तेव्हा…”

“तू वाचली?”

वाचली होती. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची तेव्हापासूनच ती मला लिहिलेलं दाखवते, निवृत्त झाल्यावरही दाखवायची थांबली नाही. माईंना हे अर्थातच पक्कं माहीत होतं. त्यांच्या सुपात केव्हाच नुसती टरफलं उरली होती, आणि तरी त्या उठत नव्हत्या. अकोटच्या बायका कधी सरळ काही मागत नाहीत; आधी पुढाऱ्याची चिठ्ठी दाखवतात, मग मोठ्या सरांची कागाळी सांगतात, आणि तुम्हीच बोलत बोलत खड्ड्याशी येऊन उभे राहता.

“माई, तिनं मला तीन दिवसांपूर्वीच विचारलंय. मी हो म्हटलंय.”

“मले मालूम हाये,” माई म्हणाल्या. “पन तू मनापासून म्हनली का भिडंभिडं, थे पाह्यलं.”

मग कामाचं बोलणं झालं. दुसरी चिठ्ठी नागपूरचे एक संपादक देणार आहेत; त्यांनी तिच्या कथेवर लाल पेन चालवून ती दिवाळी अंकात छापली होती. प्राध्यापकच पाहिजे असं नाही, लेखनावर ज्यानं तिच्याबरोबर काम केलंय तो कुणीही चालतो. तिसरी बी.ए.ला इतिहास शिकवणाऱ्या बाई देतील. आधी पोरगीच नाराज होती, की इतिहासाच्या बाईंचं पत्र गोष्टींच्या अर्जाला कशाला? मी म्हटलं, तू त्यांच्यासाठी नरनाळा किल्ल्यावर जो निबंध लिहिलास त्यासाठी किती वेळा वर गेलीस, वाड्यावस्त्यांवर कुणाकुणाशी बोललीस, हे त्या सांगतील. गोष्ट लिहिणाऱ्याबद्दल याहून कामाची माहिती काय असते? मोठ्या सरांना तिनं नम्रपणे नको म्हणून कळवलं. ते रागावले नाहीत. त्यांना आठवतही नव्हतं.

“अन् ते आयोवाले आपल्याइकडचं कोनी गेलंच नाई का आंधी?”

“दिलीप चित्रे गेले होते की, १९७५ मध्ये. पण ते विद्यार्थी म्हणून नाही. तिथं १९६७ पासून जगभरच्या नावाजलेल्या लेखकांना बोलावून ठेवून घेतात, तो वेगळा उपक्रम. तिथं तुमचं लिहिलेलंच तुमची चिठ्ठी.”

“मंग पोट्टीनं आंधी नाव कमवावं अन् मंग जावं. फी बी वाचन.”

हा हिशेब इतका सरळ होता की मी उत्तर दिलं नाही.

पत्र पाठवायची तऱ्हा मात्र माईंना पटेना. कागद नाही, पाकीट नाही, पोस्टाचा शिक्का नाही. पोरगी अर्जात माझा ई-मेल भरणार, विद्यापीठ मला दुवा पाठवणार, तो उघडून मी पत्र चढवायचं. सगळी गंमत त्या दुव्याची. निवृत्त माणसाला कॉलेजचा ई-मेल राहत नाही, आणि साध्या पत्त्यावर आलेला दुवा पुष्कळदा लॉटरीच्या आणि कर्जाच्या टपालात जाऊन पडतो. शिफारस करणाऱ्याला वाटतं अजून आलंच नाही, पोरीला वाटतं बाई विसरल्या, आणि दोघी भिडेपोटी एकमेकींना विचारत नाहीत. अशानं चांगले अर्ज अर्धे राहिलेले मी पाहिले आहेत. म्हणून मी तिला बजावलंय, रोज विचार, मी रागावणार नाही. बऱ्याच ठिकाणी मुदत १५ डिसेंबरच्या आसपास असते. त्यांच्या पूर्व किनाऱ्यावरची १५ तारखेची मध्यरात्र म्हणजे आपले १६ तारखेचे सकाळचे साडेदहा.

“म्हंजे एक दिस फुकटात भेटला.”

“त्याच्या भरवशावर बसायचं नाही. इथं सकाळी लाइन गेली तर?”

“ते बी खरं.” मग टरफलं गोळा करता करता, अगदी सहज विचारल्यासारखं: “काय लिहशीन तू?”

मी सांगितलं. की मी हिला इतक्या वर्षांपासून ओळखते आणि कशी ओळखते. जिनिंगची गोष्ट आधी मालकाच्या तोंडून होती. मी एवढंच विचारलं, की सरकीची धूळ कुणाच्या छातीत जाते? यावर ती आठवडाभर दिसली नाही आणि आली ती पूर्ण गोष्ट बाईच्या तोंडून नव्यानं लिहून. हे लिहीन. धाकट्या वर्गातल्या पोरांच्या कविता ती कशी वाचायची, न दुखवता पण न फसवता, ते लिहीन. आणि हेही, की गोष्टीचा शेवट ती घाईनं उरकते, अजूनही.

माईंचा हात थांबला. “हे बी लिहशीन?”

“हो.”

“काव, चिठ्ठी हाये का तक्रार? सोयरीक पाहाले आलेल्याईले कोनी सांगते का, का बा पोट्टी घाईनं पोया करते म्हून?”

“माई, नुसती स्तुती असली की वाचणाऱ्याला वाटतं हिनं काही वाचलंच नाही. एक खरा दोष लिहिला की बाकीच्या दहा ओळी खऱ्या वाटतात. शिवाय ती शिकायलाच चाललीय ना? सगळंच येत असतं तर कशाला गेली असती?”

“पोट्टीनं पाह्यलं तं?”

“ती पाहू शकत नाही. तिकडं १९७४ साली कायदा झालाय, विद्यार्थ्याला आपले कागद पाहायचा हक्क आहे. पण अर्जात एक चौकोन असतो, मी हा हक्क सोडते म्हणून. त्यात तिनं खूण केलीय. ती केली की वाचणारे पत्रावर जास्त विश्वास ठेवतात.”

माईंनी सूप कमरेवर घेतलं. जायला वळल्या आणि पुन्हा भिंतीशी आल्या.

“तिनं हक्क सोडला. म्या नाई सोडला. मले दाखोजो.”

“इंग्रजीत असेल माई.”

“असू दे. लांब किती हाये थे तं पाहीन. अन् तो घाईचा शब्द कुठी हाये थे बोटानं दाखोजो, मंग मी सांगतो ठेवाचा का नाई.”